चुलीपाशचा नाका

वच्छला, तू आमच्या आधी एकटी बसून चोरून खातेस, हा संशय मी छत्तीस वर्षं पोसला. मनातल्या मनात पोसला असता तरी चाललं असतं, पण मी तो बोलूनही दाखवला, पोरांसमोर आणि सुनेसमोर. तू जाऊन दोन महिने झाले. गेलेल्या माणसाला लिहिताना लोक त्याचे गुण आठवतात. मी मात्र तुझ्यावरच्या आरोपापासून सुरुवात करतोय, कारण तोच माझ्या घशात अडकून बसला आहे. आता तो तुझ्यावरचा राहिलेला नाही, माझ्यावर उलटला आहे.

तूच म्हणायचीस की नोकरीनं माझा स्वभाव नासवला. खरंच आहे ते. कुरखेड्याबाहेरच्या जंगलनाक्यावर तीस वर्षं आडवा बांबू खाली करून मी गाड्या थांबवल्या. तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गाडी आली की तिच्यात लोखंडी सळई खुपसायची. सळई सरळ आत गेली तर नुसती तणस, टक्क वाजली तर खाली सागवान. हसत येणाऱ्या ड्रायव्हरवर शंका घ्यायची आणि रडत येणाऱ्यावर त्याहून जास्त घ्यायची, हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. निवृत्त झालो तेव्हा सळई परत केली. डोळे परत करता आले नाहीत, ते तसेच घरी घेऊन आलो.

घरात मग ट्रक कुठून येणार? किराणा यायचा. तुरीची डाळ मी ओल्या फडक्यावर घासून पाहायचो, रंग सुटतो का म्हणून. हळद पाण्यात टाकायचो. तेलाच्या पिपाला नाक लावायचो. चहापत्ती बोटात चुरायचो. तू पदर तोंडाला लावून हसायचीस. “तुमी दुकानात शिरले का तो बापडा देवाले नवस बोलते जी,” म्हणायचीस. मला वाटायचं, या घरात सावध माणूस एकटा मीच आहे. बाकी सगळे भोळे, आणि तू सगळ्यांत भोळी.

मच्छीत मात्र तू मला शिरकाव करू दिला नाहीस. तुझं माहेर तलावाच्या पाळीवरचं, घरात जाळी विणणारी माणसं. मरळ ताजी की कालची, हे तू कल्ला न उचलता सांगायचीस. झिंगे वाळवलेले असले तर नुसत्या वासावरून कोणत्या तलावाचे ते ओळखायचीस. मी एकदाच हिंमत करून मासे आणले होते. तू पिशवीत डोकावलीस आणि म्हणालीस, “मांजरीले बलवा.” त्या दिवसापासून वाटणी झाली. मासे, झिंगे, सुकट तुझ्याकडं. भाजीपाला आणि सात्या माझ्याकडं.

सात्या. इथूनच सगळं सुरू होतं.

वारुळावर उगवणारी ही पांढरी बारीक छत्री, म्हणजे रानातली अळंबी, वर्षातून मोजके दिवसच मिळते. जंगलातल्या गावांच्या बाया पहाटे जाऊन वेचतात आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात बाजाराला घेऊन येतात. माझा बाप मला लहानपणी खांद्यावर बसवून सात्या वेचायला न्यायचा. तो गेला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्याचा चेहरा मला धड आठवत नाही, पण रश्शातल्या सात्यांचा वास आला की तो घरात आल्यासारखा वाटतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तुला हे सांगितलं होतं. वर म्हणालो होतो, “सात्या नाई भेटल्या त माहं वर्ष फुकट जाते.” तू ऐकून घेतलंस. काहीच बोलली नाहीस. नवी नवरी आहे, लाजत असेल, असं मी समजलो.

बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या जैतुबाईकडून मी सात्या आणायचो. तू विचारायचीस, “आणल्या का जी?” द्रोण स्वयंपाकघरात न नेता तू ओट्यावर बसायचीस, सुपात सात्या पसरायचीस आणि एकेक उचलून उलटी करून पाहायचीस. दांड्याला नख लावायचीस, वास घ्यायचीस. मी मनात म्हणायचो, किती ही आवड! मग कांदा आणि सुकं खोबरं भाजून पाट्यावर वाटायचीस आणि परसातल्या चुलीवर पितळी गंज चढवायचीस. घरात गॅस आल्यावरही सात्या चुलीवरच झाल्या. वास सुटला की आपली पोरं, सुनील आणि वैशाली, ताटं घेऊन फेऱ्या मारायची. तू म्हणायचीस, “अजून शिजाच्या हायेत.” तास जायचा, दुसरा तास जायचा. शिजायच्याच असायच्या. सात्या शिजायला किती वेळ लागतो हे मला काय माहीत नव्हतं?

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी मागच्या दारानं आलो आणि तुला पकडलं. तू पाटावर बसली होतीस, दाराकडं पाठ करून. समोर ताट, ताटात भात आणि सात्या. भराभर खात होतीस, कोणी मागं लागल्यासारखी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तू दचकलीसुद्धा नाहीस. शेवटी ताट बोटानं पुसून चाटलंस, उठलीस आणि गंजावर झाकण ठेवलंस. मी तसाच मागं फिरलो.

आपल्याकडं बाई शेवटी जेवते. त्यातून नवी सून म्हणजे सगळ्यांचं आटोपल्यावर, उरलंसुरलं. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जाऊ दे नं बापा, पोरीची जीभ चटोर हाये, लेकरू झालं का सुधरते.” लेकरू झालं, दुसरंही झालं, तू सुधारली नाहीस. उलट पोरं खायला लागल्यापासून तुझं हे जास्तच वाढलं. आधी तू अर्धा तास थांबवायचीस, आता दोन-दोन तास. घरात पोरं भुकेली आणि आई आधी जेवून मोकळी! मी पुरावे जमवायला लागलो. गंजाच्या आत रश्शाची रेघ उमटायची, ती आम्ही बसायच्या आधीच बोटभर खाली उतरलेली असायची. आम्ही जेवायला बसलो की तू स्वतःला वाढून घ्यायची नाहीस. “घे नं,” म्हटलं की “मले नाई पायजे” म्हणायचीस. कशी पाहिजे असेल? पोट तर भरलेलं होतं. आमच्यासमोर बसून तू एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहायचीस. मला वाटायचं, आमच्या ताटातल्यावरही हिचा डोळा आहे.

आणि तो सांभार! मी बाजार करून आलो की दहाव्या मिनिटाला तू पिशवी उचलायचीस. “सांभार राह्यला,” म्हणून बाहेर. मी सांभार आणलेलाच असायचा, चांगली जुडी. तू आणखी एक जुडी घेऊन यायचीस, तीही अर्ध्या तासानं. कोथिंबिरीच्या जुडीला अर्धा तास? बाजारात आलुबोंडे तळणारा बसायचा. मला खात्री होती की तू तिकडं जातेस. तोंडाचा वास घेऊन पाहण्यापर्यंत माझी मजल जाणार होती, पण तेवढी लाज शिल्लक होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो असं आता म्हणता येईल, पण ते खोटं आहे. नेत नव्हतो. बाकी अकरा महिने तू घरासाठी झिजणारी बाई होतीस. फाटक्या ब्लाउजवर चार वर्षं काढलीस, पोरांच्या पायात चपला घातल्यास. मग या सात्यांच्या दिवसांतच तुला काय व्हायचं? माझा बाप मला ज्या चवीत भेटतो, त्याच चवीत तू मला फसवतेस, असं वाटायचं. ते बोलायला तोंड उघडलं की टोमणाच बाहेर पडायचा.

गेल्या वर्षीचा टोमणा तुला आठवतो का? मला तो रोज आठवतो. परसात चुलीपाशी तू ताट घेऊन बसली होतीस. मी सुनेला मुद्दाम हाक मारली, नातीलाही बोलावलं. “रेखा, ये इकडं, पाह्य तुह्या सासूचा कारभार. पोट्टी भुकेनं कळवळून राह्यली अन् ही एकटीच हाणून राह्यली!” तू मान वर न करता म्हणालीस, “चाखून पाह्यलं.” मी म्हणालो, “चाखतं का जेवतं?” रेखा खुदकन हसली. सहा वर्षांची परी काही न कळता टाळ्या पिटायला लागली. तू घास संपवलास, हात धुतलास आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, “तुमचा नाका रोडवर व्हता. माहा नाका चुलीपाशी हाये. आपापल्या नाक्यावर बसाव, जी.”

मी मोठ्यानं हसलो. तू माझ्या नोकरीची खिल्ली उडवलीस असं वाटलं. त्या दिवशी तू आम्हाला संध्याकाळी वाढलंस आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. ते आपलं शेवटचं मोठं भांडण. मिटलं केव्हा, कसं, काही आठवत नाही. बहुतेक मिटलंच नाही, वरून संसार वाहत राहिला.

तुझ्या तेरवीला मी काय केलं ते सांगतो. तुझं पान वाढायचं होतं, तुला आवडायचं ते सगळं. रेखानं कोहळ्याची भाजी केली, वडे केले, मरळीचा रस्सा वेगळा ठेवला. मला वाटलं, खरी आवड हिला कुठं माहीत आहे? ती मलाच माहीत आहे, छत्तीस वर्षं पाळत ठेवली आहे मी! सात्यांचे दिवस नव्हते. मी जैतुबाईच्या गावी गेलो, ती रानात गेलेली, म्हणून शेजारच्या घरून मागच्या वर्षीच्या वाळवलेल्या मूठभर सात्या मागून आणल्या आणि रेखाकडून रस्सा करून घेतला. खरं सांगू? मनात तेव्हाही थोडा हिशेब होता. घे, आता पोटभर खा, आता कोणी पकडणार नाही, असं म्हणत मीच त्या तुझ्या पानावर वाढल्या.

तुझी मोठी बहीण दुर्गाबाई पान पाहायला आली. वाकली आणि झटक्यात तो द्रोण उचलून बाजूला ठेवला.

“हे कोनं वाढलं?”

“मी वाढलं, बाई. तिले लय आवडत होत्या.”

“कोनाले? वच्छीले?” तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच बिनापासचा ट्रक आहे. “भाऊजी, तिनं आमच्या घरी जन्मात सात्यांले हात लावला नाई. आमच्या घरात येतच नोव्हत्या.”

मग तिनं सांगितलं. तू नऊ वर्षांची होतीस. दुर्गाबाई मोठी, आईबापाबरोबर तलावावर जाळं ओढायला जायची. घरी तू आणि पाच वर्षांची तानी. तुमच्या बापानं पाळीवरून छत्र्या आणल्या, सात्या समजून. तुमची माणसं पाण्यातली, जंगलातली नव्हे. आईनं सकाळी शिजवून ठेवल्या आणि जाताना तुला बजावलं की लहान लेकराला आधी वाढ, आपण सगळे मागून बसू. प्रत्येक घरात असंच असतं. तानी भुकेनं रडत होती. तू तिला मांडीवर घेतलंस आणि आपल्या हातानं भरवलंस. तू स्वतः खाल्लं नाहीस, कारण आईची वाट पाहायची होती. संध्याकाळी आई आली तेव्हा तानी ओकून ओकून निपचित पडली होती. दुसऱ्या दिवशी गेली.

“पह्यलं लेकरायले वाढाव म्हंते नं सारी दुनिया,” दुर्गाबाई म्हणाली, “म्हणून आमची तानी गेली. वच्छीनं आपल्या हातानं भरवलं. त्याच्यावर ती कवाच बोलली नाई. मी बी नाई बोलली.”

मी म्हणालो, “पण माह्या घरी ती दरसाल खात होती. सगळ्याच्या अगुदर. म्या डोळ्यानं पाह्यली.”

दुर्गाबाई पदरानं डोळे पुसून म्हणाली, “मंग ती चाखत असन, भाऊजी.”

वच्छला, तुझी शपथ, मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही. तेरवीला जमलेली माणसं गेलेल्याला सोन्यानं मढवतात, मला ठाऊक आहे. मी मनात म्हटलं, बहीण आहे, बहिणीची बाजू घेणारच. छत्तीस वर्षांत बायको मला हे एकदाही सांगणार नाही? दुर्गाबाईला मी तसं विचारलंही. ती म्हणाली, “सांगतलं असतं त तुमी त्या इकणाऱ्या बाईची चौकशी लावली असती. बाजारातून उठवलं असतं तिले. नाई त सात्या आणनंच सोडलं असतं. तुमच्या बापाचं तुमीच तिले सांगतलं व्हतं नं?”

ते मी तुला सांगितलं होतं, दुर्गाबाईला नाही. मग तिला कसं कळलं? तू बोलली असशील. म्हणजे माझ्या बापाबद्दल तू बहिणीला सांगितलंस आणि तानीबद्दल मला नाही सांगितलंस. इथं सळई पहिल्यांदा टक्क वाजली.

तपास पूर्ण करायची सवय जात नाही. यंदा सात्या निघाल्या त्या पहिल्याच बाजाराला मी जैतुबाईसमोर जाऊन बसलो. ती म्हातारी झाली आहे, डोळ्यांवर हात धरून माणूस ओळखते. “नाकेदार भाऊ, बाई नाई आल्या?” तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती द्रोणावरची पानं नीट करत राहिली. मग मी विचारलं, बाई तुझ्याकडं यायची? कशाला?

“तुमी गेले का तुमच्या मांगंच याच्या. दरसाल. बसाच्या इथी माह्यापाशी. ‘कोन्त्या वारुरावरच्या हायेत, जैतु? तुह्या घरी शिजवल्या का? लेकरानं खाल्ल्या का? लेकरू बरं हाये नं?’ म्या म्हनो, ‘काल सांजेले खाल्ल्या बाई, सारे जन धडधाकट हायेत.’ तवा उठाच्या. सांभाराची जुडी घ्याच्या अन् जाच्या.” ती थोडं हसली. “म्या एकडाव म्हटलं, ‘बाई, माह्यावर भरोसा नाई काय?’ त म्हने, ‘तुह्यावर हाये वं, माह्या हातावर नाई.’”

मी तिथून उठलो. आलुबोंडेवाल्याच्या समोरून आलो. त्यानं हाक मारली, मी वर पाहिलं नाही.

माझे सगळे पुरावे खरे होते, वच्छला. रेघ खाली उतरायची, हे खरं. तू पाठ करून खायचीस, हेही खरं. तू आमच्या तोंडाकडं पाहत बसायचीस, तेही खरंच. मी फक्त निकाल उलटा लिहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. नाक्यावरचे लोक मला वाघाच्या डोळ्याचा माणूस म्हणायचे, आणि माझ्या घरात एक बाई दरसाल माझ्या आधी विष खायला बसत होती, तिला मी चटोर म्हणत होतो.

आणि मला तुझा रागही आला आहे, तो लपवणार नाही. दुर्गाबाईचा मुलगा वरोऱ्याला औषधाच्या दुकानात असतो. त्याला मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, “मावसाजी, चाखून काई समजत नाई. काई छत्र्याचं इख दुसऱ्या दिवशी अंगात दिसते, तवरी उशीर झाला असते. दोन घंट्यानं काई होत नाई.” ऐकलंस? तुझा दोन तासांचा नाका काही कामाचा नव्हता. एखाद्या वर्षी खरंच विष निघालं असतं तर तूही गेली असतीस आणि संध्याकाळी वाढलेल्या ताटानं आम्हीही. मला सांगितलं असतंस तर मी सात्या सोडल्या असत्या. माझा बाप काय, मला दुसऱ्या कशातही भेटला असता. असं मी रागात म्हणतो. मग आठवतं, की तीस वर्षं मीही सळई खुपसत होतो, आणि किती सागवान माझ्या नाकासमोरून निघून गेलं ते कोणाला माहीत? नाका म्हणजे सगळं पकडणं नव्हेच. कोणीतरी तिथं बसलेलं असावं लागतं, एवढंच.

तुला “माफ कर” म्हणायला हवं होतं. म्हणायची सवय नव्हती. तू भाजीत मीठ जास्त घातलंस की मी ताट सरकवायचो आणि माझं काही चुकलं की तू चहा न सांगता आणून ठेवायचीस. आपल्या घरात एवढीच माफी चालायची, तीही एकाच बाजूनं. आता मी एकट्यानं चहा करतो, दोन कप होतो, दुसरा रेखाला देतो. ती म्हणते, “मामाजी, साखर लय झाली.” मी बरं म्हणतो.

पण एक गोष्ट माझ्याकडून सुटत नाही, आणि ही केस मी बंद करणार नाही, तू काहीही म्हण. त्या दिवशी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तू ताट बोटानं पुसून चाटलं होतंस. गेल्या वर्षीही चाटलंस, मी पाहिलं. विष तपासणारा माणूस ताट चाटत नाही. तो दोन घास घेतो आणि वाट पाहतो. खरं सांग, तुला त्या आवडायला लागल्या होत्या ना? भीतीच्या मागून, तानीच्या मागून, कधीतरी चव पोचली होती ना तुझ्यापर्यंत? दुर्गाबाई नाही म्हणेल, जैतुबाईला माहीत नसेल. मला मात्र शंका आहे. ती राहू दे माझ्याकडं. तुझ्याबद्दलच्या सगळ्या शंकांत हीच एक मला सांभाळून ठेवावीशी वाटते.

परवाच्या बाजारातून मी सात्या घेऊन आलो. जैतुबाईनं न विचारताच सांगितलं, काल घरी खाल्ल्या, नातू धडधाकट आहे. तरी मी तिथंच बसून पुन्हा विचारलं आणि उठताना सांभाराची जुडी घेतली. सुनील म्हणाला, “बाबा, कायले आणता आता? माय नाई त नको.” मी ऐकलं नाही. ओट्यावर बसलो, सुपात पसरल्या, एकेक उलटी करून पाहिली. मला काय कळतंय त्यात? पण पाहिली. रेखानं कांदा-खोबरं वाटलं, मी परसात चूल पेटवली. वास सुटला तेव्हा क्षणभर माझा बाप आला, आणि त्याच्यामागून तू आलीस.

रेखानं विचारलं, “वाढू का, मामाजी?” मी म्हणालो, “आज नाई. उद्या सकाळी.” ती चिडली. “शिळ्या खाऊ घालता काय लेकराले?” मी म्हणालो, “उद्याच.” दुर्गाबाईच्या पोराच्या फोननंतर आता माझा नाका तुझ्याहून कडक आहे. ती कुरकुरत आत गेली. मग मी एका ताटात भात घेतला, वर रस्सा घेतला आणि तुझ्या पाटावर बसलो. दाराकडं पाठ करून बसायचं कारण तेव्हा समजलं. भीती तोंडावर दिसते, आणि ती पोरांना दाखवायची नसते. पहिला घास उचलला. तू छत्तीस वर्षं हा घास कसा गिळलास गं?

चौथ्या-पाचव्या घासाला मागं पावलं वाजली.

“आई, पाह्य वं, आबाजी एकटेच खाऊन राह्यले!” परी ओरडली.

आत रेखा हसली. तेच हसू, गेल्या वर्षीचं. मी मान वर केली नाही. म्हणालो, “चाखून पाह्यलं, बेटा.”

परी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, “चाखतं का जेवतं?”

सांगावं असं एकदा वाटलं. मग तू सांगितलं नव्हतंस ते आठवलं. मी तिच्याकडं पाठ केली, ताट बोटानं पुसून चाटलं आणि मनगटावरच्या घड्याळात किती वाजले ते पाहून ठेवलं.